अणुकचरा खोल पुरल्यावर खडक नेमकं काय करतो?

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2047 पर्यंत देशात 100 गिगावॅट अणुवीज उभी करण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. तेव्हापासून अणुऊर्जेवरची कुठलीही चर्चा, मग ती वृत्तवाहिनीवरची असो की सोसायटीच्या गच्चीवरची, फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते: कचऱ्याचं काय? मुंबईकरांसाठी हा प्रश्न लांबचा नाही. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, उत्तरेला पालघर जिल्ह्यात 1969 पासूनचं तारापूर आहे, आणि खाली रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरच्या सहा अणुभट्ट्यांचा, 9,900 मेगावॅटचा प्रस्ताव आहे.

उत्तर बहुधा एका वाक्यात मिळतं: "खोल खडकात पुरणार." आणि समोरचाही एका वाक्यात निकाल लावून टाकतो: "आज ना उद्या पाण्यात उतरणारच की ते!" दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कधीतरी पाणी तिथवर पोचणार, हे धरूनच अशा कोठारांची आखणी होते. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. खडकाच्या फटींतून पाणी ज्या वेगानं जातं, त्या वेगानं त्यात विरघळलेली मूलद्रव्यं जात नाहीत. काही खडकाला धरून बसतात, काही रेंगाळतात, आणि एकदोन अजिबात थांबत नाहीत. अणुकचऱ्याचा सगळा वाद माझ्या मते या एकदोन जणांवर व्हायला हवा. होतो मात्र भलत्यावरच.

पुरायचं काय असतं

अणुभट्टीतून निघालेलं वापरलेलं इंधन फिनलंड आणि स्वीडन जसंच्या तसं पुरणार आहेत. भारताचा मार्ग वेगळा. आपण ते इंधन आम्लात विरघळवून त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतो आणि उरलेलं अतितीव्र द्रावण बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत ओततो. तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कम इथे हे काम चालतं. थंड झालेली काच दिसायला साधी असली तरी आतून तापत राहते, म्हणून ती काही दशकं हवेनं थंड होणाऱ्या कोठारात ठेवावी लागते. पुरायचा प्रश्न येतो त्यानंतर.

इथे एक संज्ञा लागेल, अर्धायुष्य. किरणोत्सारी मूलद्रव्याचा निम्मा साठा विघटन होऊन संपायला लागणारा काळ. सीझियम-137 चं अर्धायुष्य 30 वर्षं, स्ट्रॉन्शियम-90 चं 29, प्लुटोनियम-239 चं 24,100. टेक्नेशियम-99 चं दोन लाखांहून जास्त आणि आयोडीन-129 चं तब्बल 1 कोटी 57 लाख वर्षं. दहा अर्धायुष्यं उलटली की साठा साधारण हजाराव्या भागावर येतो. म्हणजे सीझियमला 300 वर्षं अडवलं तर बरंचसं काम झालं. आयोडीनला 300 वर्षं अडवलं काय नि न अडवलं काय, सारखंच.

कोठारात अडथळे एकापुढे एक असतात. फिनलंडच्या ओल्किलुओतो बेटावर 400 मीटरहून खोल खणलेल्या ओन्कालोमध्ये इंधन लोखंडी गाभ्याच्या तांब्याच्या डब्यात जातं, डब्याभोवती बेंटोनाइट नावाची माती ठासली जाते आणि तिच्याभोवती असतो खडक. डबा कधीतरी गंजेल, मातीतून पाणी झिरपेल, आणि मग खडकाची पाळी येईल.

चिकटतं म्हणजे काय होतं

खडक म्हटलं की आपल्याला भिंत आठवते. इथे मात्र महत्त्व आहे ते खडकातल्या खनिजांच्या पृष्ठभागाला. चिकणमातीची खनिजं अतिशय पातळ थरांची बनलेली असतात आणि त्या थरांवर कायमचा ऋणभार असतो. तो भरून काढायला सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे धनभारित आयन थरांना सैलसर चिकटलेले असतात. पाण्यातून सीझियम किंवा स्ट्रॉन्शियम आलं की ते यांतल्या एखाद्याला उठवून त्याची जागा घेतं. माती परीक्षणाच्या अहवालात धनायन विनिमय क्षमता असा रकाना असतो, तो याच अदलाबदलीचा. आपल्या देशावरची काळी माती त्यात वरचढ असते, कारण तिच्यात माँटमोरिलोनाइट भरपूर. एप्रिलात हातभर भेगा पडणारी आणि जूनमध्ये फुगून त्या मिटवणारी हीच ती माती. बेंटोनाइटही मुख्यतः याच खनिजाचं असतं. ते फुगून फटी बुजवतं आणि वर आयनही धरून ठेवतं, म्हणून डब्याभोवती त्याची निवड होते.

प्लुटोनियम, अमेरिशियम यांची तऱ्हा वेगळी. लोखंडाच्या गंजासारख्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची टोकं मोकळी असतात, त्यांच्याशी ही मूलद्रव्यं थेट रासायनिक बंध करतात. नुसत्या भारानं झालेल्या अदलाबदलीपेक्षा ही पकड घट्ट, पण पाणी किती आम्लारी आहे त्यावर ती बरीच बदलते.

सीझियमचं एक प्रकरण मात्र जवळून पाहण्यासारखं आहे. इलाइट नावाच्या खनिजात थरांच्या मध्ये पोटॅशियम गच्च बसलेलं असतं. हवापाण्यानं झीज झाली की कडेचं पोटॅशियम निघून जातं आणि तिथे थर जरासे फाकतात. कॅल्शियम, सोडियम त्या फटीत सहजी मावत नाहीत, कारण ते आपल्याभोवतीचं पाण्याचं आवरण सोडायला तयार नसतात. सीझियम ते आवरण चटकन सोडतं, फटीत सरकतं, आणि मग थर त्याच्यावर मिटतात. अशा जागा खनिजात अगदी थोड्या असतात, पण सीझियमही वजनानं अत्यल्पच असतं, त्यामुळे त्या पुरतात. फुकुशिमात 2011 नंतर शेतांवर पडलेलं सीझियम वरच्या काही सेंटिमीटरांतच अडकून राहिलं ते अशाच खनिजांमुळे. जपाननं वरची साधारण पाच सेंटिमीटर माती खरवडून काढली, आणि भातखाचरांत पोटॅश टाकला, म्हणजे रोपं सीझियमऐवजी पोटॅशियम उचलतील.

खडकातला प्रवास

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दादरच्या रानडे रोडवरून कोणी नुसतं चालत शिवाजी पार्कला निघालं तर गर्दीबरोबर पंधरावीस मिनिटांत पोचेल. पण बरोबर खरेदीला निघालेल्या मावशी असतील तर दर चार पावलांवर थांबा: कंदील, रांगोळी, उटणं, पुन्हा कंदील. मावशी चालताना गर्दीच्याच वेगानं चालतात, फक्त बहुतेक वेळ उभ्या असतात. संध्याकाळपर्यंत पोचल्या तरी नशीब. खडकातली मूलद्रव्यं अशीच जातात. एखादा अणू क्षणभर पाण्यात असतो, मग खनिजावर, पुन्हा पाण्यात. पाण्याचा वेग भागिले त्याचा वेग, या आकड्याला मंदन गुणक म्हणतात. शिवाय खडकाच्या मोठ्या फटीतून पाणी वाहत असलं तरी फटीच्या दोन्ही बाजूंच्या दगडात सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांत साचलेल्या पाण्यात अणू हळूहळू शिरतात आणि आत आणखी पृष्ठभाग सापडतो. मावशी छबिलदास गल्लीत वळल्या, असं समजा.

कोण किती थांबतं हे मोजायची पद्धत ऐकून काहींना हसू येतं. खडकाची एक ग्रॅम भुकटी प्लास्टिकच्या नळीत घ्यायची, वर त्याच जागेच्या भूजलासारखं 10 मिलिलिटर पाणी आणि त्यात मोजकं किरणोत्सारी मूलद्रव्य. काही दिवस नळी हलवत ठेवायची, मग जोरात फिरवून भुकटी तळाशी बसवायची आणि वरच्या पाण्यात किती उरलं ते मोजायचं. सुरुवातीला 100 होतं, आता 10 उरलं, तर 90 भुकटीवर गेलं. दगडाच्या एका ग्रॅमवर 90, पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये 1. या गुणोत्तराला केडी म्हणतात आणि इथे ते 90 आलं.

आता हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. सच्छिद्र थरात पाणी वर्षाला एक मीटर जातंय, म्हणजे 100 मीटर जायला 100 वर्षं. थराची घनता 2, पाचव्या हिश्शात पाणी, आणि सीझियमचा केडी 50 धरला तर मंदन गुणक (घनता भागिले पाण्याचा हिस्सा, गुणिले केडी, अधिक 1) येतो 501. सीझियमला त्याच 100 मीटरला 50,000 वर्षं लागतील, तोवर त्याचं नावही शिल्लक नसेल. कोणी म्हणेल, केडी शंभरपट चुकला तर? तर तो 0.5, गुणक 6, प्रवास 600 वर्षांचा. वीस अर्धायुष्यं. तरीही दहा लाखांतला एकच भाग पोचतो. प्लुटोनियमला मात्र 50 चा केडी पुरत नाही. 50,000 वर्षांत त्याची दोनच अर्धायुष्यं होतात आणि चौथा हिस्सा सुखरूप पलीकडे निघतो. त्याचा केडी हजाराच्या घरात असला, आणि ऑक्सिजन नसलेल्या खोल पाण्यात तो तसा असतो, की प्रवास दहा लाख वर्षांचा होतो आणि प्रश्न मिटतो.

"सगळंच चिकटत असेल तर चिंता कसली?"

सगळं चिकटत नाही. बहुतेक खनिजांचा पृष्ठभाग ऋणभारित, आणि आयोडीन पाण्यात ऋणभारित आयन म्हणूनच फिरतं. त्याला खडकात थांबायला जागाच नाही. आपल्या उदाहरणात त्याचा केडी जवळपास शून्य, म्हणून तेही 100 वर्षांत पलीकडे, आणि अर्धायुष्य दीड कोटीच्या वर. क्लोरीन-36 ची तीच कथा. चिकणमातीच्या खडकात बांधायच्या कोठारांचा सगळा हिशेब मांडला की शेवटी माणसापर्यंत पोचणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेत वर येतं ते आयोडीन-129. टीव्हीवर नाव प्लुटोनियमचं घेतलं जातं, कारण ते भीतिदायक वाटतं. आयोडीनच्या बाबतीत भिस्त खडकाच्या पकडीवर ठेवता येत नाही. ती ठेवावी लागते पाणी जवळजवळ न हलण्यावर, काच किंवा इंधन अतिशय हळू विरघळण्यावर, आणि आयोडीन मुळात थोडं असण्यावर.

टेक्नेशियम दोन्हीकडचं आहे. हवा लागलेल्या पाण्यात ते ऋणभारित होतं आणि आयोडीनसारखं पळतं. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात, लोखंडाच्या खनिजांच्या सान्निध्यात ते इलेक्ट्रॉन घेऊन न विरघळणारं घन होतं. युरेनियमचंही थोडंफार तसंच. चारशे मीटर खाली जाण्याचं एक मोठं कारण हे आहे. तिथवर मुरताना पाण्यातला ऑक्सिजन वाटेतल्या सूक्ष्मजीवांनी आणि खनिजांनी संपवलेला असतो. मूलद्रव्य तेच, खडकही तोच, पण पाणी बदललं की निकाल उलटा लागतो.

"नळीतल्या भुकटीवर कोण विश्वास ठेवणार?"

आक्षेप रास्त आहे. दगड दळला की नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि केडी फुगतो. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये ग्रिम्सेलला आणि स्वीडनमध्ये ॲस्पोला डोंगराच्या पोटात, जमिनीखाली प्रयोगशाळा काढल्या, जिथे अखंड खडकाच्या फटीत खूण करणारं मूलद्रव्य सोडून ते पलीकडे कधी निघतं ते मोजतात. पण त्याहून जास्त शिकवलं ते फसलेल्या अंदाजांनी.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम काढताना उरलेला कचरा जमिनीखालच्या 177 टाक्यांत भरला. त्यांतल्या बऱ्याच गळल्या. सीझियम टाकीच्या तळाशीच अडकेल असं गणित होतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते अडकलंही. काही टाक्यांखाली मात्र ते अपेक्षेपेक्षा कितीतरी खोल गेलं. कारण टाक्यांत आम्ल मारायला भरमसाट कॉस्टिक सोडा ओतलेला होता. गळतीबरोबर आलेल्या सोडियमच्या लोंढ्यानं मातीतल्या जागा आधीच अडवल्या. रानडे रोडवरच्या प्रत्येक टपरीसमोर आधीच पन्नास गिऱ्हाइकं, मग मावशी थांबणार कुठे? त्या मातीचा साध्या पाण्यातला केडी काढला होता तो खोटा नव्हता, पण टाकीखाली साधं पाणीच नव्हतं.

दुसरं उदाहरण नेवाडाचं. तिथल्या 1968 च्या एका भूमिगत अणुस्फोटातलं प्लुटोनियम पुढे 1.3 किलोमीटर दूरच्या विहिरींत सापडलं. ते विरघळून गेलं नव्हतं. ते पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म मातीकणांना चिकटून गेलं होतं. चिकटणं ही चांगली गोष्ट, पण कशाला चिकटलं हेही बघावं लागतं. म्हणूनच स्वीडनच्या हिशेबात असाही प्रश्न येतो की पुढच्या हिमयुगातलं, क्षार नसलेलं वितळपाणी खाली उतरलं तर बेंटोनाइटच झिजून असे कण तयार होतील का.

आपल्या दाराशीही याचा पुरावा आहे. ट्रॉम्बेहून प्रक्रिया करून सोडलेलं कमी तीव्रतेचं पाणी मुंबई बंदराच्या खाडीत जातं. तिथल्या अभ्यासांत दशकानुदशकं दिसत आलंय की त्यातलं सीझियम आणि प्लुटोनियम बारीक चिखलाला धरून बसतं. याचे दोन्ही अर्थ लक्षात घ्यायला हवेत. ते दूर पसरत नाही हे बरं, पण चिखलात ते साठत जातं, त्यामुळे चिखल तपासत राहणं आलंच.

"लाखो वर्षांचं कोणी पाहिलंय?"

माणसानं नाही, पण आफ्रिकेत गॅबनमधल्या ओक्लोला सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजात आपोआप अणुभट्टी पेटली आणि लाखो वर्षं अधूनमधून चालली. 1972 मध्ये तिथल्या युरेनियममध्ये अणुभट्टीत जळणाऱ्या युरेनियम-235 चा भाग किंचित कमी भरला, त्यावरून फ्रेंच शास्त्रज्ञांना हे उमगलं. तिथे तयार झालेलं प्लुटोनियम जागच्या जागी विघटन पावलं, फारसं हललं नाही. तेही तांब्याचा डबा नसताना आणि गरम पाणी खेळत असताना. मात्र आयोडीन निसटलं, आणि त्या उष्ण पाण्याबरोबर सीझियमचाही बराच भाग गेला. कोठारात डबे दूरदूर ठेवून उष्णता आटोक्यात ठेवतात, त्याला असाही आधार आहे. कॅनडात सिगार लेकला युरेनियमचं प्रमाण अतिशय जास्त असलेलं खनिज सव्वाशे कोटींहून जास्त वर्षं चारशेहून अधिक मीटर खाली, चिकणमातीच्या वेढ्यात पडून आहे. वर जमिनीवर त्याचा मागमूस नव्हता.

"मग आपला सह्याद्री काय वाईट?"

पहिल्या नजरेत मोह पडावा असाच आहे. आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट गटाचे स्फटिक भरलेले असतात. पुणे-नाशिक-जळगावकडचे स्टिलबाइट, ह्यूलँडाइट जगभरचे संग्राहक विकत घेतात. आणि झिओलाइट सीझियम पकडण्यात इतकी तरबेज की ब्रिटनच्या सेलाफिल्ड अणुकेंद्रात 1985 पासून त्यांचाच एक प्रकार वापरून पाण्यातलं सीझियम आणि स्ट्रॉन्शियम गाळतात.

पण बेसाल्टचे थर एकावर एक, मध्ये सच्छिद्र आणि भेगाळ पट्टे, आणि त्यांतूनच तर आपल्या विहिरींना पाणी येतं. वाहतं, ताजं, ऑक्सिजन असलेलं पाणी. अमेरिकेनंही हॅनफर्डच्या बेसाल्टमध्ये कोठाराचा अभ्यास केला होता, 1987 मध्ये तो सोडून दिला. पकड चांगली पण पाणी चालतं, अशा खडकापेक्षा पकड मध्यम पण पाणी मुकाट, असा खडक परवडतो. भारतानं म्हणूनच वायव्येकडच्या ग्रॅनाइटांचा अभ्यास केला. त्याआधी कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे 1,000 मीटर खाली, किरणोत्सारी काही न ठेवता, नुसत्या विजेच्या तापकांनी खडक तापवून तो कसा वागतो ते पाहिलं.

सध्या आपल्याकडे कोठाराची जागा ठरलेली नाही आणि तातडी नाही असं सरकारचं म्हणणं आहे. काचेचे डबे जमिनीवर पाहाऱ्यात आहेत. ट्रॉम्बेला अतितीव्र कचऱ्यातून सीझियम वेगळं काढून त्याच्या काचेच्या कांड्या रक्तपेढ्यांतल्या विकिरण यंत्रांसाठी दिल्या जातात. दीर्घायुषी जड मूलद्रव्यंही वेगळी काढायची खटपट चालू आहे. कचरा त्यानं आटतो हे खरं. पण यातली बहुतेक मूलद्रव्यं खडकानं एरवीही बऱ्यापैकी धरलीच असती. टेक्नेशियम आणि आयोडीनचा प्रश्न यानं सुटत नाही. उद्या एखाद्या जागेचा अहवाल जनसुनावणीला आलाच, तर खडक किती टणक आहे ते मी मागाहून वाचेन. आधी पाण्याचा तक्ता: ऑक्सिजन किती, क्षार किती, आम्लता किती, पाणी वर्षाला किती सरकतं. आणि आयोडीन-129 साठी केडी किती धरलाय. शून्याहून फार मोठा धरला असेल, तर त्या रकान्यापाशी बोट ठेवून विचारायला हवं.